जरा सरकून घ्या

मुंबईच्या लोकलमध्ये तीन जणांच्या बाकावर चौथा माणूस येतो. तोंडाने काही बोलत नाही, नुसता हाताने इशारा करतो आणि बसतो. बसतो म्हणजे पाव बसतो. उरलेला पाऊण बोरिवलीपर्यंत अधांतरी असतो. छापलेल्या ओळीचं असंच चालतं. ओळीत सात शब्द मावतात आणि आठवा येऊन उभा राहतो. आता एक तर सातांनी सरकून घ्यायचं, नाही तर आठव्याने खालच्या ओळीत जायचं आणि वरच्या सातांनी हातपाय पसरून बसायचं. कारण ओळ दोन्ही कडांना सरळ आली पाहिजे, अशी वाचकांची नसली तरी संपादकांची सक्त ताकीद असते. दीडशे पानांच्या पुस्तकात हा निवाडा चार-पाच हजार वेळा होतो. बरोबर झाला तर कुणाला पत्ताही लागत नाही. चुकला की लेखकाचा फोन येतो.

"अहो, माझ्या लेखाला भोकं पडलीत."

लेखकाला आपल्या युक्तिवादातली भोकं जन्मभर दिसत नाहीत, पण शब्दांमधली भोकं अंक हातात पडताक्षणी, चष्मा न लावता दिसतात. आणि यात तो खरा असतो, हे कबूल केलं पाहिजे. पानाला तीन कॉलम पाडले की एकेकाच्या वाट्याला पाचेक सेंटिमीटर येतात. तेवढ्यात इंग्रजीचा संसार सुखाने होतो, कारण त्यांच्याकडे 'ऑफ', 'टू', 'इन' अशी चिल्लर भरपूर. कुठेही फट राहिली की तिथे एक नाणं सरकवायचं. मराठीत ही सगळी चिल्लर प्रत्यय म्हणून शब्दालाच लटकलेली. 'जिल्हाधिकाऱ्यांच्याकडूनसुद्धा' हा एक शब्द आहे. 'महानगरपालिकेच्या' हा दुसरा. हे दोघे एका ओळीत मावत नाहीत. मग पहिल्याच्या जोडीला एक 'ही' किंवा 'तो' मिळतो, तो उजव्या कडेला चिकटतो आणि मध्ये एवढी जागा उरते की तिथे एक छोटी जाहिरात घेता यावी. अशा फटी ओळीखाली ओळ आल्या की पानातून वरपासून खालपर्यंत एक पांढरा ओघळ दिसू लागतो. इंग्रजी मुद्रक त्याला नदी म्हणतात. आपल्याकडे अग्रलेखाच्या कॉलमात तिला बारमाही पाणी असतं.

पूर्वी असं नव्हतं, हे वाक्य मला एरवी आवडत नाही. इथे ते खरं आहे. जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याच्या खिळ्यांचा देशभर लौकिक होता त्या काळात जुळाऱ्यासमोरच्या केसमध्ये अक्षरांचे खिळे असत, तसेच कोऱ्या जागेचेही असत. शिशाचे तुकडे. जाड, मध्यम, पातळ. दोन ओळींमध्ये घालायला शिशाच्या पट्ट्या वेगळ्या. यांच्यावर शाई चढत नसे, त्यांचा कागदावर ठसा उमटत नसे, तरी ते फाउंड्रीतून वजनावर विकत आणावे लागत. पानावरचा कोरेपणा काट्यावर तोलून घेतलेला असे. शिवाय ओळ भरायची ती सौंदर्यासाठी नव्हे. सैल ओळ राहिली तर फर्मा उचलताना खिळे घरंगळून जमिनीवर येत. म्हणून जुळारी ओळ घट्ट बसेपर्यंत तुकडे बदलून बघायचा. जागेला वजन होतं, म्हणून मान होता.

१८८६ साली न्यूयॉर्कच्या 'ट्रिब्यून'मध्ये मर्गेनथेलरचं लायनोटाइप यंत्र लागलं. त्यात शब्दाशब्दांमध्ये पोलादी पाचरी असत. ओळ भरत आली की सगळ्या पाचरी खालून एकदम वर ढकलल्या जात आणि शब्दांमधली जागा सगळीकडे सारखी फुगे. पाचर मारण्याचा इतका विधायक उपयोग त्याआधी झाला नव्हता आणि नंतर तर नाहीच.

मग १९८५ साल आलं आणि आल्डस कंपनीचं पेजमेकर आलं. व्हेनिसच्या आल्डस मनुटियस या जुन्या मुद्रकाचं नाव कंपनीने घेतलं आणि त्याचा अख्खा छापखाना टेबलावर मांडून ठेवला. शिसं गेलं, खिळे गेले, आणि रिकामी जागा फुकट झाली. घोळ इथे सुरू होतो. फुकट गोष्ट मराठी माणूस जपून वापरत नाही. कीबोर्डवरची सगळ्यात लांब पट्टी म्हणजे स्पेसबार, आणि तिच्या लांबीला शोभेल इतकं काम आपण तिला दिलेलं आहे.

लेखाचं शीर्षक मध्यभागी आणायचं? स्पेसबार. परिच्छेद थोडा आत घ्यायचा? स्पेसबार. खाली उजवीकडे नाव हवंय? अंगठा ठेवायचा आणि नाव पलीकडच्या तीरावर पोचेपर्यंत उचलायचा नाही. नवं पान हवं असेल तर त्यासाठी एंटर आहे, ते पान संपेपर्यंत मारत राहायचं. लेखकाच्या घरच्या पडद्यावर हे सगळं देखणं दिसतं. ती फाइल डीटीपीवाल्याकडे येते, फाँट बदलतो, कॉलमची रुंदी बदलते, आणि मध्यभागी असलेलं शीर्षक कुठेतरी पावणेदोन ओळींवर विसावतं. ऑपरेटर लोक यावर एक शब्दही न बोलता 'दोन स्पेस शोधा, एक घाला' अशी आज्ञा देतात. ती संपल्यावर किती ठिकाणी बदल झाले याचा एक आकडा येतो. तो बहुतेक वेळा लेखकाच्या मानधनापेक्षा मोठा असतो.

याची मुळं इतिहासात असावीत. मोडी लिहिताना आधी कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ओळ आखायची आणि तिला अक्षरं लटकवत जायचं. दोन शब्दांमध्ये जागा सोडायची पद्धतच नाही, आणि विरामचिन्हांचाही पत्ता नाही. शब्द कुठे संपला हा प्रश्न लिहिणाऱ्याने वाचणाऱ्यावर सोडलेला. पुण्याच्या पेशवे दफ्तरातले कागदांचे रुमाल सोडून बसलेले संशोधक तो अजून सोडवत आहेत. पुढे मेजर थॉमस कँडी यांनी इंग्रजीतली विरामचिन्हं मराठीत रुजवली, पण त्यांच्या अलीकडे-पलीकडे किती जागा सोडायची, हे घरोघर जाऊन सांगणं काही मेजरसाहेबांना शक्य नव्हतं. त्यामुळे उद्गारचिन्हाआधी एक स्पेस मारण्याची चाल पडली. शब्द ओळीच्या शेवटी येतो, स्पेसमुळे चिन्ह सुटं होतं आणि एकटंच खाली उतरतं. वाचकाला आश्चर्य एक ओळ उशिरा वाटतं. टिंबांचं याच्या नेमकं उलट. भावुक लेखक 'आणि मग…' याच्यापुढे टिंबं मोजत नाही आणि त्यांच्यामागे जागाही सोडत नाही. सॉफ्टवेअर त्या सगळ्या रांगेला, मागच्यापुढच्या शब्दांसकट, एकच शब्द समजतं. मग ती वरात जशीच्या तशी खालच्या ओळीत जाते आणि वर उरलेले दोन शब्द दोन कडांना जाऊन उभे राहतात. लेखक फोनवर म्हणतो, भोक पडलंय.

सॉफ्टवेअरची बाजूही ऐकली पाहिजे. कित्येक वर्षं त्या बिचाऱ्याला आपण मराठी जुळवतोय हेच ठाऊक नव्हतं. जुन्या फाँटांमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी काने, मात्रा आणि अर्धी अक्षरं बसवलेली असत. वर मराठी मुखवटा, आत इंग्रजी. पेजमेकर ते इंग्रजी समजूनच वाचायचं आणि हायफनेशन चुकून चालू राहिलं तर इंग्रजी नियमाने मराठी शब्द कुठेही कापायचं. वर्डमध्ये तर वाक्याचं पहिलं अक्षर आपोआप कॅपिटल होण्याची सवय. पडद्यावर उमटलेलं मराठी अक्षर डोळ्यांदेखत भलतंच होऊन बसे. मग युनिकोड आलं आणि सगळे सुखी होतील असं जाहीर झालं. पण पानं जुळवायच्या इनडिझाइन या नव्या सॉफ्टवेअरमध्ये मजकूर ओतला की 'किती'मधली पहिली वेलांटी 'क'च्या उजवीकडे जाऊन उभी. २०१२ च्या आवृत्तीत भारतीय लिप्यांची सोय झाली, ती 'वर्ल्ड-रेडी कंपोझर' नावाने. जगासाठी ते सज्ज होतं. मराठीसाठी मात्र आत कुठेतरी खोल असलेल्या खिडकीत जाऊन ते निवडावं लागे.

ओळ तोडण्याच्या बाबतीत जगातला सगळ्यात हट्टी माणूस म्हणजे डोनाल्ड कनुथ. १९७७ साली त्यांच्या गणकशास्त्रावरच्या ग्रंथाच्या नव्या आवृत्तीची प्रुफं आली. ती इतकी कुरूप होती की त्यांनी ग्रंथ बाजूला ठेवला आणि पानं जुळवण्याचं सॉफ्टवेअरच लिहायला घेतलं. काम थोडक्यात आटपेल असा अंदाज होता. लागली जवळपास दहा वर्षं. मराठी लेखक अशा वेळी प्रकाशक बदलतो. कनुथ आणि त्यांचा विद्यार्थी मायकेल प्लास यांनी १९८१ साली जी रीत मांडली ती मोठी गमतीची आहे. एकेक ओळ भरत खाली न येता अख्खा परिच्छेद एकदम बघायचा, कुठे तोडलं तर किती वाईट दिसेल याचे गुण मांडायचे आणि एकूण वाईटपणा सगळ्यात कमी होईल तसा तो तोडायचा. ओळ फारच सैल असेल तर ते सॉफ्टवेअर 'वाईटपणा १००००' असा शेरा देतं. दहा हजारच्या पुढे ते मोजत नाही. बहुधा आपले अग्रलेखाचे कॉलम पाहूनच मर्यादा घातली असावी.

१९९९ साली आलेल्या इनडिझाइनने हीच कल्पना उचलली, आणि मुद्रितशोधकांची झोप उडाली. म्हणजे असं, की परिच्छेदाच्या शेवटच्या ओळीतला राहून गेलेला एक काना घालायला सांगावा आणि दुसऱ्या प्रुफात पहिल्या ओळीतला शब्द दुसऱ्या ओळीत गेलेला दिसावा. मुद्रितशोधक ऑपरेटरकडे संशयाने बघतो. "इथे हात का लावला?" "नाही लावला, सर." "मग हे हललं कसं?" "आपोआप." आपोआप या शब्दावर मुद्रितशोधकाचा विश्वास नसतो; नाही तर तो मुद्रितशोधक झालाच नसता. तो अख्खं पान पुन्हा पहिल्यापासून वाचतो.

सॉफ्टवेअरमध्ये जागेवर ताबा ठेवायच्या किल्ल्या भरपूर आहेत. शब्दांमधली जागा कमीत कमी ८० टक्के, जास्तीत जास्त १३३ टक्के, असा घरचा हिशोब तिथे आधीच लिहून ठेवलेला असतो. या हद्दीबाहेर गेलेल्या ओळी पिवळ्या रंगात दाखवायचीही सोय आहे. जितकी वाईट ओळ तितका गडद पिवळा. ती सोय मराठी पानावर एकदा चालू करून बघा. पान पिवळंधमक होतं. ऑपरेटर ती कायमची बंद ठेवतात आणि त्यांचं बरोबर आहे. ज्या दुखण्यावर औषध नाही त्याची रोज तपासणी करू नये.

दुसरी किल्ली अक्षरांमधल्या जागेची. शब्द मावत नसेल तर अक्षरं थोडी जवळ ओढायची, ओळ रिकामी दिसत असेल तर लांब करायची. इंग्रजीत हे खपून जातं, कारण त्यांची अक्षरं मुळातच एकमेकांपासून अंतर राखून असतात. देवनागरीत सगळी एका शिरोरेषेखाली. जरा ताणलं की शिरोरेषेला चिरा पडतात आणि 'महाराष्ट्र' दगडी पुलासारखा ठिकठिकाणी तुटलेला दिसतो. जरा दाबलं की काना शेजारच्या अक्षरात घुसतो. तरीही परदेशी मासिकांचे मथळे बघून आलेले तरुण डिझायनर मराठी मथळ्याची अक्षरं ऐसपैस पसरून देतात आणि म्हणतात, "लुक मोकळा वाटतो, सर." वाटतो खरा. वाचता तेवढा येत नाही.

दोन ओळींमधली जागा हा आणखी एक तंटा. सॉफ्टवेअर स्वतःच्या मनाने टाइपाच्या १२० टक्के अंतर धरून चालतं. ज्यांच्या अक्षरांना वरखाली फारसं काही नसतं त्यांना ते पुरतं. आपल्याकडे वर रफार, मात्रा, अनुस्वार, खाली उकार, ऋकार आणि एकाखाली एक लोंबणारी जोडाक्षरं. वरच्या ओळीतल्या 'राष्ट्रां'सारख्या एखाद्या प्रकरणाचा पाय खालच्या 'कर्तृत्वा'च्या रफारात अडकतो. प्रकाशकाला मात्र पानं वाचवायची असतात. "लीडिंग थोडं कमी करा ना," हे वाक्य त्याने उच्चारलं नाही असं मराठी पुस्तक माझ्या पाहण्यात नाही. पुस्तक सोळा पानांच्या फॉर्ममध्ये छापतात. नऊ फॉर्म म्हणजे १४४ पानं, आणि मजकूर हटकून १४५ व्या पानावर तीन ओळी सांडतो. त्या तीन ओळींसाठी दहावा फॉर्म कोण घालणार? मग ऑपरेटर मागे जातो आणि ज्या ज्या परिच्छेदाची शेवटची ओळ एका शब्दाची आहे तो तो परिच्छेद हळूच चिमटतो, असा की शब्द वर जावा. अशा चोरलेल्या ओळींवर कादंबरीचा शेवट १४४ व्या पानावर उतरतो. समीक्षक लिहितात, लेखनात विलक्षण घट्टपणा आहे.

पण ओळ कुठे तुटावी याची खरी कसोटी बघायची तर लग्नपत्रिका जुळवणाऱ्याच्या दुकानात बसावं. पुण्यात अप्पा बळवंत चौकाच्या आसपास जानेवारी ते मे कुठेही टेकलात तरी चालेल. कादंबरीत ओळ चुकली तर लेखक फोन करतो. पत्रिकेत चुकली तर अख्खी भावकी येते. सगळ्यात धोक्याचा शब्द 'कै.' 'श्री. अमुकराव व कै. तमुकराव यांचे नातू' एवढा साधा मजकूर. ओळ जर 'कै.'नंतर तुटली तर वरच्या ओळीत धडधाकट अमुकरावांच्या शेजारी 'कै.' येऊन बसतो आणि खालच्या ओळीत तमुकराव पुन्हा जिवंत होतात. अमुकराव स्वतः प्रूफ बघायला आलेले असतात. त्यांचा चेहरा मी पाहिला आहे. यावर उपाय म्हणजे न तुटणारी स्पेस. इनडिझाइनमध्ये कंट्रोल, ऑल्ट आणि एक्स एकदम दाबलं की ती पडते. दिसायला साध्या स्पेससारखीच, पण तिच्या दोन्ही बाजूंचे शब्द एकमेकांना सोडून जात नाहीत. लग्नपत्रिकेत ती जास्तीत जास्त वापरावी.

पत्रिकेतला दुसरा सुरुंग म्हणजे किलबिल. 'आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं' याखाली घरातल्या सगळ्या पोरांची नावं. ती दोन ओळींत बसली आणि दुसऱ्या ओळीत एकच नाव आलं की संपलं. "आमचाच बरा एकटा खाली टाकला," असं त्या बाळाची आई म्हणते. बाळाला अजून वाचता येत नसतं. मग ऑपरेटर शिफ्ट-एंटर मारून दोन नावं खाली ढकलतो. आता वरच्या ओळीतलं शेवटचं नाव कुणाचं, यावरून दुसरी आई.

शिफ्ट-एंटरचं एक वैशिष्ट्य सांगून ठेवतो. दोन्ही कडा सरळ केलेल्या मजकुरात ते मारलं की तोडलेली ओळही दोन्ही कडांपर्यंत ताणली जाते. पत्राच्या शेवटी 'आपला नम्र' लिहून शिफ्ट-एंटर मारा. 'आपला' डाव्या टोकाला आणि 'नम्र' उजव्या टोकाला, मध्ये शुकशुकाट. जाणते ऑपरेटर तिथे आधी एक टॅब मारतात, मग शब्द जवळ राहतात. हे कुठल्याही वर्गात शिकवत नाहीत, एक ऑपरेटर दुसऱ्याला चहा पिताना सांगतो.

आडनावांचा तर स्वतंत्र छळ आहे. 'नागपूरकर' तुटलं की पहिली ओळ गावाची आणि दुसरी ओळ कराची. ते निमंत्रण आहे की पालिकेची नोटीस, हे कळेनासं होतं. सहस्रबुद्धे अरुंद कॉलममध्ये कधीच सुखाने मावलेले नाहीत. बापट मात्र कुठेही मावतात. वृत्तपत्रात नाव वारंवार यावं अशी ज्यांची इच्छा असेल त्यांनी आडनावाचा विचार आधी करावा.

आणि कवी. कवीची ओळ जिथे तुटते तिथे ती तुटलीच पाहिजे, इकडे-तिकडे नाही. यात कवी शंभर टक्के बरोबर आहे. पंचाईत एवढीच की मुक्तछंदातली ओळ कधीकधी कॉलमपेक्षा लांब असते. ती मोडून खाली येते आणि आता कवीने तोडलेली ओळ कुठली आणि कॉलमने तोडलेली कुठली, हे ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही. अशा वेळी उरलेला तुकडा थोडा आत सरकवून छापायचा संकेत आहे. पण कवितेत काही ओळी कवीने स्वतःच आत सरकवलेल्या असतात, अर्थासाठी. एका अंकाच्या वेळी ऑपरेटरने फोन लावून विचारलं, "सर, ही ओळ तुम्ही तोडलीय की आपोआप तुटलीय?" पलीकडून बराच वेळ काही आवाज आला नाही. मग कवी म्हणाले, "आता आहे तशीच राहू द्या. बरी दिसतेय."

दिवाळी अंकांचं काम पावसाळ्यातच सुरू होतं, म्हणून ही विनंती आताच. साहित्य पाठवताना दोन शब्दांमध्ये स्पेसबार एकदाच दाबावा. शीर्षक डावीकडेच राहू द्यावं, ते मध्ये न्यायला इथे माणसं आहेत. उद्गारचिन्ह शब्दाला चिकटून असावं आणि टिंबं तीनच असावीत, भावना कितीही असल्या तरी. कविता पाठवणाऱ्यांनी सोबत हस्तलिखिताचा फोटोही जोडावा, म्हणजे कुठली ओळ तुमची आणि कुठली कॉलमची हे विचारायला फोन करावा लागणार नाही.